मदत हवी आहे: काँगो एका माणसाच्या मालकीचा?

मंडळी, अकरावीतल्या भाचीला बर्लिन परिषदेवर (१८८४-८५; युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले ती) दहा मिनिटं बोलायचंय. मी मदतीला बसले आणि काँगोपाशीच अडकले. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड तिथे कधी फिरकलाही नाही, तरी १८८५ पासून तो प्रदेश बेल्जियमचा नव्हे, त्याचा स्वतःचा! सक्तीने गोळा करायला लावलेलं रबर कमी भरलं की गावकऱ्यांच्या बायका ओलीस. खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेब म्हणून सैनिक माणसांचे तोडलेले हात आणून दाखवत. (पोरीला हे कसं सांगायचं, तेही सुचवा.)

ब्रिटन-फ्रान्सची चढाओढ त्याच्या पथ्यावर पडली, इथवर समजलं. पण १९०३ मध्ये या अत्याचारांवरून ब्रिटिश संसदेत ठराव झाला, १९०४ मध्ये ब्रिटिश राजनैतिक अधिकारी केसमेंटचा त्यांवरचा अहवाल आला, तरी लिओपोल्डचा ताबा सुटायला १९०८ का उजाडलं? मराठीत वाचण्याजोगं काही आहे का?