ग्रेड ८ व्हायोलिन: सूर बरोबर लागतायत पण पीस "बोलत" नाही, काय करू?

रोझिन_पुणे
नमस्कार मंडळी. मी ३६ वर्षांचा, नोकरी सांभाळून ९ वर्षं वेस्टर्न व्हायोलिन शिकतोय. मागच्या वर्षी एबीआरएसएमची (ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळ) ग्रेड ७ दिली, १५० पैकी १२२, म्हणजे मेरिट आलं. पण शेरे वाचले तर सगळीकडे एकच सूर, इंटोनेशन (सुरांचा नेमकेपणा) चांगलं, रिदम पक्का, पण फ्रेझला (सुरांच्या वाक्याला) आकार नाही. आता ग्रेड ८ ची परफॉर्मन्स ग्रेड देतोय, म्हणजे ४ पीस सलग वाजवून एकाच टेकमध्ये व्हिडिओ पाठवायचा. प्रत्येक पीसला ३० आणि सगळा कार्यक्रम एकत्र कसा उभा राहिला त्याला ३०. स्केल्स नाहीत, साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं) नाही, त्यामुळे सगळा भार वाजवण्यावरच.

दोन पीसमध्ये अडकलोय. बाखच्या ई मेजर पार्टिटामधली (नाचांच्या रचनांचा संच) जीग आणि बीथोव्हेनच्या स्प्रिंग सोनाटाची पहिली मूव्हमेंट (पहिला भाग). जीग शिलाई मशीनसारखी वाजते, सगळे नोट एकसारखे. सर म्हणतात "म्युझिकली वाजव", पण म्हणजे नेमकं काय करू हे कळत नाही. फील आण म्हटलं की मी नुसता व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेलं कंपन) वाढवतो. हे शिकता येतं का, की ते आतूनच असावं लागतं? मनापासून विचारतोय.

मडगांवची
शिकता येतं. मी २० वर्षं मुलांना शिकवते म्हणून सांगते, हे उपजत नसतं, ते ठरवावं लागतं. तुम्ही काही ठरवलेलंच नाहीये, म्हणून सगळे नोट सारखे येतायत.

जीग हा नाच आहे हे आधी अंगात येऊ दे. ६/८ तालात सहा मोजायचे नाहीत, बारमध्ये (नोटेशनच्या एका खणात) दोनच ठोके, प्रत्येकात तीन. व्हायोलिन बाजूला ठेवा, घरात चालत चालत तोंडाने म्हणा, पाऊल पडतं तिथे वजन, बाकीचे दोन हलके. एवढ्यानेच मशीन बंद होईल.

मग पेन्सिल घ्या. बाख एकाच ओळीत दोन-तीन आवाज लपवतो. खालचे जे नोट उडी मारून येतात त्यांना गोल करा आणि फक्त तेवढेच वाजवून बघा, खाली एक बेस लाइन चाललेली ऐकू येईल. ग्रेड ५ ची थिअरी दिलीच असणार तुम्ही, त्याशिवाय ८ ला सहसा बसता येत नाही, तर ती आता इथे वापरा. कुठे बी मेजरकडे सरकतोय, कुठे घरी म्हणजे ई मेजरला परत येतोय, कॅडेन्स (वाक्य संपवणारी जागा) कुठे. जिथे हार्मनी ताणली जाते तिथे आवाज थोडा भरायचा, सुटते तिथे सोडायचा. बाखने स्वतः फोर्टे-पियानो (मोठ्याने-हळू) फार थोड्या ठिकाणी लिहिलेत, बाकी तुमच्यावर सोडलंय. आणि त्याच्या हातची १७२० ची प्रत नेटवर फुकट बघायला मिळते, ती एकदा बघाच, त्या स्लरच्या (एकाच गजात वाजवायच्या नोटांच्या) रेघा हाताने ओढलेल्या दिसतात ना, की आपल्या छापील एडिशनमध्ये संपादकाने काय घातलंय आणि बाखचं काय ते वेगळं कळतं.

आमच्याकडे जुने मेस्त (संगीतशिक्षक) रेबेक (व्हायोलिन) हातात द्यायच्या आधी सोल्फा (डो-रे-मी) गाऊन घ्यायचे. लहानपणी मला राग यायचा त्याचा. आता मी पण तेच करते.

गायकी_अंग
मी हिंदुस्तानी वाजवते, वेस्टर्नच्या परीक्षेचं मला काही माहीत नाही, पण मडगांवच्या ताईंनी गाण्याचं काढलं म्हणून राहवलं नाही. आपल्याकडे तर व्हायोलिनचं सगळं गळ्यावरूनच येतं. पं. गजाननबुवा जोशी स्वतः गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, पं. डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐका, गज फिरतोय असं वाटतच नाही, कोणी गातंय असंच वाटतं. मला गुरुजी बंदिश आधी गायला लावायचे, शब्दांसकट, आणि म्हणायचे श्वास कुठे घेतलास ते लक्षात ठेव, गज तिथेच बदलायचा.

तर दादा, तुमची बीथोव्हेनची ओळ गाऊन बघा. आवाज चांगला नसला तरी चालेल. गाताना माणूस आपोआप कुठेतरी जातो आणि कुठेतरी थांबतो, आपण ज्याला न्यास म्हणतो. ते वाजवताना हरवतं कारण लक्ष बोटांकडे जातं. फक्त एक, आपली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) त्यात घालू नका, तिकडचं तिकडे शोभतं. आणि चांगल्या कलाकाराची एकच रेकॉर्डिंग घेऊन महिनाभर हुबेहूब तशी वाजवा, आपण सगळे गुरूची नक्कल करतच शिकलोय.

सेकंड_व्हायोलिन
गाण्याचं शंभर टक्के पटलं. नक्कल मात्र परीक्षेच्या तोंडावर मी करणार नाही. मी इथे जर्मनीत हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो, एकदा एका मोठ्या कलाकाराचा रुबाटो (लय थोडी मागे-पुढे करणं) उचलला आणि पियानोवाल्या बाईंनी विचारलं, इथे का थांबलास? उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्यामुळे तीन-चार वेगळ्या लोकांच्या ऐका, एक जुनी, एक बरोक बो (बाखच्या काळातला गज) वापरून केलेली, आणि कुठे वेगळं वाटतंय ते लिहा. वाजवायच्या आठवड्यात ऐकणं बंद.

स्प्रिंगबद्दल. हे नाव बीथोव्हेनने दिलेलं नाही, त्यामुळे फुलं-पक्षी वगैरे मनात आणून काही होत नाही. १८०१ चा सोनाटा, आणि त्या काळी हे सोनाटे पियानो आणि व्हायोलिनसाठी म्हणून छापायचे, पियानो आधी. म्हणून तुमचा पार्ट नाही, पियानोचा पूर्ण स्कोअर समोर ठेवून सराव करा. पहिले १० बार मेलडी तुमची, मग तीच पियानोकडे जाते आणि तुम्ही साथीला, तिथे बरेच जण तेवढ्याच जोरात वाजवत राहतात. तिथे बो हलका, आवाज खाली, कान पियानोकडे. एवढं एक केलंत तरी ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला संगीत समजलंय. क्रेशेंडो (आवाज चढवत नेणं) वाढत वाढत जाऊन अचानक पियानो, म्हणजे हळू, असं लिहिलेलं असतं ते पण पाळा, हात आधीच घाबरून खाली येतो, येऊ देऊ नका.

फ्रेझ म्हणजे निम्मा भाग बोचं वाटप आहे हो. सुरुवातीच्या लांब ए वर सगळा बो खर्च केला तर पुढच्या धावत्या नोटांना काय उरणार? आणि तुम्ही व्हायब्रेटोचं म्हणालात, तर एक आठवडा दोन्ही पीस अजिबात व्हायब्रेटो न करता वाजवा. जे सांगायचंय ते उजव्या हातातून यायला लागेल.

महत्त्वाचं राहिलं, व्हिडिओ मोबाईलवर करणार असाल तर बरेच फोन आवाजाची लेव्हल आपोआप सारखी करतात, हळू वाजवलेलं मोठं होतं आणि मोठं दाबलं जातं. तुमची सगळी डायनॅमिक्स (आवाजाची चढ-उतार) तिथेच जायची. सेटिंग बंद होतं का बघा, नाहीतर वेगळा माइक लावा.

रोझिन_पुणे
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. बेस नोटांना गोल केले, चालत म्हणालो (बायकोने पण दोन ठोके धरले), आणि काल क्लासमध्ये जीग वाजवल्यावर सरांनी विचारलं, दुसऱ्या भागात इथे हळू का झालास? मी म्हणालो, हार्मनी घराकडे वळतेय म्हणून. सर म्हणाले मला तिथे नाही पटत, अजून दोन बार पुढे थांब. पहिल्यांदाच आमचा एखाद्या जागेवरून वाद झाला आणि मला खूप बरं वाटलं. अजून ठरलेलं नाही कोणाची जागा बरोबर, दोन्ही रेकॉर्ड करून ठेवल्यात.

फोनचं सेटिंग खरंच चालू होतं. गायकी_अंग ताई, बीथोव्हेन गातोय रोज, पण पियानोकडे मेलडी गेली की माझा आवाज अजून खाली येत नाही, त्यावर काही उपाय असेल तर सांगा.

सेकंड_व्हायोलिन
तिथे तुमचा पार्ट वाजवताना तोंडाने पियानोची मेलडी गुणगुणा. पहिले दोन दिवस हात अडखळतो, मग आपोआप खाली येतो.