विषय: नववीतल्या क्वार्टरबॅकची फेक आणि रिलीजचा वेग

प्रेषक: एक पालक

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा नववीत असून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने पास फेकणारा खेळाडू, म्हणून खेळतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो बेसबॉलमध्ये पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) होता, आणि त्याचा हात चांगला आहे असे सगळेच म्हणतात. मात्र फेकण्याआधी तो चेंडू कमरेपर्यंत खाली नेतो, तिथून मागून वर आणतो, आणि त्यामुळे त्याचा रिलीज, म्हणजे चेंडू हातातून सुटणे, मंद पडतो, असे शाळेच्या प्रशिक्षकांनी हंगामाच्या अखेरीस सांगितले. एका खासगी प्रशिक्षकांनी वजनदार चेंडूंच्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात सगळी फेक नव्याने बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याच्या बाबांचे मत असे, की आधी हाताची ताकद वाढवावी, चेंडूला वेग आला की उशिराने सुटल्याची भरपाई होईल. आपल्यापैकी काही जण शाळांमध्ये प्रशिक्षण देतात, म्हणून विचारते: या वयात फेक बदलावी का, बदलायची तर नेमके काय, आणि रिलीज घरच्या घरी मोजता येतो का?

प्रेषक: शालेय फुटबॉलचा स्वयंसेवक प्रशिक्षक

ताई, नमस्कार.

आपल्या यजमानांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक घरांत हाच विचार होतो आणि तो आकड्यांवर टिकत नाही. पंधरा यार्डांचा पास म्हणजे सुमारे 13.7 मीटर. ताशी 45 मैलांनी फेकलेला चेंडू हे अंतर साधारण 0.68 सेकंदात कापतो, ताशी 50 मैलांनी फेकलेला 0.61 सेकंदात. म्हणजे ताशी पाच मैलांची वाढ, जी मिळवायला या वयाच्या मुलाला एक-दोन वर्षे लागू शकतात, त्याला सेकंदाचे सात शतांश मिळवून देते. कमरेपर्यंतचा फेरा काढून टाकला तर त्याहून जास्त वेळ वाचू शकतो, आणि त्यासाठी स्नायूंची वाढ होण्याची वाट पाहावी लागत नाही. सेकंदाला सात-साडेसात मीटर धावणारा बचावपटू सेकंदाच्या दहाव्या भागात पाऊण मीटर पुढे येतो. पास पूर्ण होणे आणि पास हिरावला जाणे यांत अनेकदा तेवढेच अंतर असते. शिवाय चेंडू खाली गेलेला दिसला की बचावपटूला पास येणार हे आधीच कळते, हा तोटा घड्याळात दिसतही नाही.

आता हा फेरा आला कोठून? माझ्या मते त्याचे मूळ पिचिंगमध्ये आहे, आणि म्हणून मुलाला त्याबद्दल रागावण्यात काही अर्थ नाही. पिचर दहा इंच उंचीच्या माउंडवर (मातीच्या उंचवट्यावर) उभा असतो, त्याला वेळ असतो, तो लांब पाऊल टाकतो आणि हात खाली, मागे व वर असा मोठा प्रवास करतो. बेसबॉलचा चेंडू सुमारे 145 ग्रॅमचा असतो, तर पूर्ण आकाराचा फुटबॉल 400 ग्रॅमच्या वर. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 1996 मध्ये या दोन फेकींची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात क्वार्टरबॅकचे पाऊल आखूड, धड अधिक ताठ आणि कंबर, धड व कोपर यांच्या फिरण्याचा वेग पिचरपेक्षा कमी आढळला. म्हणजे हे दोन खेळ एकमेकांना पूरक असले तरी एकाची फेक दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येत नाही. व्यावसायिक क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स हा मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल लीगमधील पिचरचा मुलगा असून स्वतःही बेसबॉल खेळला. त्या खेळातून त्याने वेगवेगळ्या कोनांतून चेंडू सोडण्याची लवचिकता घेतली, पिचरचा लांब फेरा घेतला नाही.

तेव्हा बदलायचे ते एवढेच: चेंडूचा आरंभबिंदू. तो दोन्ही हातांत छातीच्या उंचीवर, मागच्या खांद्याजवळ असावा. दुसऱ्या हाताने चेंडू किंचित मागे ढकलून मगच सोडावा, म्हणजे तो खाली न जाता सरळ मागे आणि वर जातो. पुढचा पाय टेकेपर्यंत फेकणारे कोपर खांद्याच्या उंचीला आलेले असावे. त्यानंतर कंबर, धड, खांदा, कोपर आणि मनगट या क्रमाने वेग वर चढत जातो. मोकळा हात बाहेर न भिरकावता बरगड्यांशी ओढून घेतला की धड वेळेआधी उघडत नाही. कंबर पुढे निघून गेली आणि हात अजून मागेच राहिला, तर पास रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो आणि खांद्यावर नाहक ताण येतो. आपल्या मुलाचे पास उंच जात असतील तर कारण बहुधा हेच असावे.

फेक देखणी असावी असा आग्रह मात्र मुळीच धरू नका. व्यावसायिक क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सचा हात बाजूने येत असे आणि तो चेंडू ढकलतो आहे असे वाटे, तरी 2004 पासून सतरा हंगामांत त्याने 63,000 यार्डांहून अधिक अंतर फेकले, कारण त्याचा चेंडू खाली जात नसे आणि खांद्यापासून लगेच सुटत असे. उलट टिम टीबो हा महाविद्यालयात हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेला क्वार्टरबॅक. त्याची फेक कमरेपासून सुरू होत असे. 2010 च्या ड्राफ्टपूर्वी (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीपूर्वी) काही महिन्यांत ती बदलण्याचा गाजावाजा झाला, पण सामन्यात दबाव आला की जुना फेरा परत दिसे, आणि 2011 च्या हंगामात त्याचे निम्म्याहूनही कमी पास पूर्ण झाले. याउलट क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स महाविद्यालयातून व्यावसायिक संघात आला तेव्हा चेंडू कानापाशी उंच धरत असे. ग्रीन बे संघाने ती सवय बदलली, पण तो तीन हंगाम ब्रेट फार्व्हच्या मागे राखीव होता आणि 2008 मध्येच मुख्य क्वार्टरबॅक झाला. फेक बदलते, पण तिला सामन्यांविना शांत वेळ लागतो. म्हणून मला सहा आठवड्यांचे आश्वासन पटत नाही, आणि हंगाम नुकताच संपला आहे हे आपल्या पथ्यावर पडले आहे असे वाटते.

पायांचा मुद्दा राहिला, आणि तो हातापेक्षा मोठा आहे. तीन पावलांच्या ड्रॉपबॅकनंतर (फेकण्याआधी मागे सरकल्यानंतर) मागचा पाय रोवला जाताच फेक निघायला हवी. पाय जुळवण्यात आणखी दोन छोटी पावले गेली, तर हाताने वाचवलेला सगळा वेळ तेथे खर्च होतो. व्यावसायिक क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हातात पहिल्या दिवसापासून अफाट ताकद होती, तरी 2018 मध्ये त्याचे 52.8 टक्के पास पूर्ण झाले. पाय, कंबर आणि हात यांचा क्रम सुधारण्यावर त्याने उन्हाळ्यांमागून उन्हाळे काम केले आणि 2020 मध्ये हे प्रमाण 69.2 टक्के झाले. त्या वर्षी स्टेफॉन डिग्ज हा उत्तम रिसीव्हर संघात आला, हेही कारण आहेच. परंतु ताकद दोन्ही वर्षी तीच होती, हे लक्षात घ्यावे.

मोजमापासाठी फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचे स्लो मोशन चित्रण करा, फोन फेकणाऱ्या हाताच्या बाजूला काटकोनात ठेवून. दुसरा हात चेंडूवरून निघाल्याची फ्रेम आणि चेंडू बोटांतून सुटल्याची फ्रेम यांतील फ्रेम मोजून 240 ने भागा. साध्या 30 फ्रेमच्या चित्रणात एकेक फ्रेम सेकंदाच्या तिसाव्या भागाची असते, त्यामुळे ते या कामाचे नाही. मोजमाप ड्रॉपबॅकनंतरच्या फेकीचे करावे, जागेवर उभे राहून केलेल्या फेकीचे नव्हे.

उन्हाळ्यात त्याला फ्लॅग फुटबॉल खेळू द्यावे असेही सुचवतो. मुलांच्या लीगमध्ये सात सेकंदांत पास सोडावाच लागतो, टॅकल (अंगावर येऊन खाली पाडणे) नसते, कमरेची पट्टी ओढली की खेळी थांबते, त्यामुळे नवी फेक निर्णयाच्या दबावाखाली तपासता येते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या अधिवेशनात झाला, त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही आले, ही आपल्या मंडळातील मुलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

प्रेषक: मंडळातील एक फिजिओथेरपिस्ट

नमस्कार. वरील पत्राशी मी सहमत आहे आणि फक्त वजनदार चेंडूंबद्दल लिहिते, कारण त्याबाबत मला खरोखर काळजी वाटते. 2018 मध्ये 13 ते 18 वर्षांच्या बेसबॉल पिचरांवर नेमका सहा आठवड्यांचाच अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनदार चेंडू वापरणाऱ्या गटाचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला, पण त्यातील 24 टक्के मुलांना दुखापत झाली. दुसऱ्या गटात एकालाही झाली नाही. हा अभ्यास फुटबॉलचा नाही, तरी खांदा तोच आहे. नववीतल्या मुलाच्या दंडाच्या हाडाची वरची ग्रोथ प्लेट (हाड वाढण्याचा मऊ थर) अजून उघडी असते आणि वारंवार फेकण्याच्या ताणाने ती रुंदावू शकते. दंडाच्या वरच्या बाहेरील भागात फेकताना दुखू लागले तर ते स्नायूचे दुखणे समजून चोळत बसू नये. फेकणे थांबवून डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्यावा. वेळीच ओळखले तर विश्रांतीने ते बरे होते, पण ती विश्रांती अनेकदा तीन महिन्यांची असते. ताकद वाढवायचीच असेल तर पाय, पाठ आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंची वाढवावी.

प्रेषक: एक पालक

दोघांचेही मनापासून आभार. काल सायंकाळी मैदानावर चित्रण केले. ड्रॉपबॅकनंतरच्या फेकीला 132 फ्रेम लागल्या, म्हणजे 0.55 सेकंद. फ्रेम एकेक करून पाहताना त्याच्या बाबांनाही चेंडू गुडघ्याच्या दिशेने निघालेला स्पष्ट दिसला. वजनदार चेंडूंचा कार्यक्रम आम्ही नाकारला आहे. खांदा आजवर दुखलेला नाही. सरावाला सुरुवात कोठून करावी?

प्रेषक: शालेय फुटबॉलचा स्वयंसेवक प्रशिक्षक

ताई, 0.55 हा आकडा निराशाजनक नाही, 0.45 च्या आसपास आला तरी या पातळीवर फार मोठा फरक पडेल. पहिले काही आठवडे दहा यार्डांपलीकडे फेकू देऊ नका, कारण अंतर वाढले की शरीर आपोआप जुना फेरा शोधते. एक गुडघा टेकवून फेकण्यापासून सुरुवात करा, म्हणजे पाय बाजूला राहून चेंडूचा मार्ग दिसतो. मग उभे राहून, मग तीन पावलांनंतर. सलग दोन दिवस फेकू नये, आणि शाळेच्या प्रशिक्षकांना हा क्रम आधीच दाखवावा, म्हणजे मुलाला दोन ठिकाणांहून दोन वेगळ्या सूचना मिळणार नाहीत. चित्रण त्याच कोनातून पुन्हा करून या यादीवर कळवलेत, तर त्याप्रमाणे पुढचे ठरवता येईल.