गाडी झाडाखाली लावता की उन्हात?

कुळागरवाला, फोंडा
मी उन्हाच्या बाजूचा. सात वर्षं ऑफिसच्या आवारात आंब्याखाली गाडी लावली. यंदा मार्चपासून मुद्दाम उघड्यावर लावतो. आठवड्याला चार वेळा गाडी धुवायचो, आता एकदा धुतली तरी चालतं.

आंब्याची सावली फुकट वाटते ना? जानेवारी-फेब्रुवारीत मोहोराखाली तासभर गाडी ठेवा आणि काचेवरून बोट फिरवा. मोहोरावरचे तुडतुडे रस पितात आणि साखरेचं पाणी खाली शिंपडत बसतात. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी धरते. वायपर फिरवला की डोळ्यांसमोर दुधी पट्टा. एप्रिलात कैऱ्या गळतात. देठाचा चीक बॉनेटवर पडून सुकला की रंगावर डाग कायमचा. कावळ्यांचं तर बोलायलाच नको. आणि काच चार बोटं उघडी राहिली तर लाल मुंगळे स्टिअरिंगपर्यंत.

पण खरा दणका पानांनी दिला. पुढच्या काचेच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या आत पाणी वाहून जायची भोकं असतात. तिथे सुकी पानं कुजून चिखल झाला होता, मला पत्ताच नाही. गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आतल्या बाजूला उतरलं. डावीकडचं मॅट उचललं आणि खालचा फोम पिळला, तर अर्धी बादली पाणी. वास चवथीपर्यंत गेला नाही.

करंजाळ्याची आई
तुमच्या फोमचं वाईट वाटलं, पण दुपारी अडीचला उन्हातल्या गाडीत चार वर्षांचं मूल बसवून बघा, मग बोला. बाहेर ३४ असलं तर बंद गाडीत तासाभरात ५० च्या वर जातं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. परवा सीटबेल्टचं बक्कल लेकीच्या मांडीला लागलं, चौकोनी लाल डाग उठला. डाग गाडीवर पडलेला परवडतो मला.

आणि धुण्याचं म्हणाल तर समुद्राजवळ राहणाऱ्याची सुटका कुठेच नाही. सकाळी काचेवर खारी पापडी असतेच, झाड असो वा नसो.

कुळागरवाला, फोंडा
मुलाचं मान्य. माझी मुलं कॉलेजात, ती स्वतःच दरवाजे उघडून दहा मिनिटं बाहेर उभी राहतात. पण पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला तर स्टिअरिंग धरवतं, आणि निघताना चारही काचा खाली करून शंभर-दोनशे मीटर गेलं की गरम हवा निघून जाते. एसी त्यानंतर लावायचा. लोक उलट करतात आणि कॉम्प्रेसरला शिव्या घालतात.

डिचोलकर
कव्हर घाला की! दोघांचं भांडण मिटलं.

गॅरेज, म्हापसा
डिचोलकर, तुम्ही खाणपट्ट्यात राहून हे म्हणताय? लाल धुळीवर कव्हर चढवलंत आणि वारा सुटला की ते कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच कव्हर. पावसाळ्यात तर नकोच, आत दमट राहून गंज धरतो.

बाकी दोघांनाही सांगतो. पक्ष्याची विष्ठा कोरडी खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग उचला. उन्हात रंग मऊ पडतो, त्यात ती घट्ट बसते. भर दुपारी गाडी धुऊ नका, साबण तिथेच सुकतो. आणि टायरची हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघा. उन्हातून आलेल्या गरम टायरात आकडा जास्त दिसतो. पंपावरचा पोरगा ‘जास्त आहे’ म्हणून हवा सोडतो, आणि रात्री टायर थंड झाला की हवा कमी. उन्हाळ्यात कमी हवेचा टायर जास्त तापतो, फुटतो तो असाच.

डिचोलकर
मग काळी फिल्म?

करंजाळ्याची आई
माझ्या भावाने लावली, दंड भरला, काढली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती ना?

गॅरेज, म्हापसा
घातली होती. नियमात मात्र नंतर बदल झाला. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा, तेवढी पारदर्शक फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. पण रस्त्यात थांबवणाऱ्या शिपायासमोर निकालपत्र वाचणार आहात का? आणि पोरं मागतात ती कुट्ट काळी फिल्म तेव्हाही बेकायदा, आताही.

माशेलकार
तुम्ही सगळे आंब्यावर अडकलात. माडाखाली कोण लावतो ते बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी. गोंयकार मान वर करून बघितल्याशिवाय हँडब्रेक ओढत नाही.

कुळागरवाला, फोंडा
हे बरोबर! नारळ कशाला, सुकी झावळी पडली तरी काच जाते.

करंजाळ्याची आई
म्हणजे झाड वाईट नाही, झाड निवडता येत नाही तुम्हाला. आमच्या गल्लीत करंज आहे, त्याखाली लावते. मार्च-एप्रिलात फुलं सांडतात तेवढीच, हाताने झटकली की गेली.

कुळागरवाला, फोंडा
पानझड होतेच की करंजाची. जाळीखाली बघा एकदा.

करंजाळ्याची आई
… आत्ता खाली जाऊन बघून आले. आहे. मूठभर निघालं, शिवाय एक कानातलं. तरी सावली सोडणार नाही. जाळी पूर्ण काढायची तर त्या काळ्या क्लिपा तुटतात का हो?

गॅरेज, म्हापसा
जुन्या गाडीच्या तुटतात, ऊन खाऊन प्लास्टिक कडक झालेलं असतं. आधी चार-सहा नव्या आणून ठेवा, मगच हात घाला. आणि मेअखेरच्या आत करा, जूनमध्ये माझ्याकडे रांग असते.