गोठलेल्या तळ्यावरची धावपट्टी: ऑल्टन बेला सेसना १७२ घेऊन जायचंय

मेघमल्हार

न्यू हॅम्पशायरमध्ये विनिपसॉकी तळ्याच्या दक्षिण टोकाला ऑल्टन बे आहे. हिवाळ्यात तळं गोठलं की तिथे बर्फावरच विमानांसाठी पट्टी काढतात. अलास्का वगळली तर अमेरिकेत एफएएच्या (तिथलं विमान वाहतूक प्रशासन) मान्यतेची अशी हीच एक पट्टी, कोड बी१८. या हंगामात उघडली तर जायचं मनात आहे. प्रायव्हेट लायसन्स, ११० तास, सगळे डांबरावरचे. विमान क्लबचं सेसना १७२ एस, एका इंजिनाचं, साधी चाकं, स्की नाहीत.

बर्फ विमान पेलेल हे कशावरून ठरवतात? ब्रेक धरत नसतील तर तेवढ्या पट्टीत १७२ थांबतं का? आणि तासभर उभं करून परत निघायचं तर काय काय सांभाळायचं? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

तळ्याकाठी

आधी बर्फाचं. ऑल्टन बेला जाडी तुम्ही ठरवायची नाही. गावातले स्वयंसेवक बर्फाला भोकं पाडून मोजतात आणि पट्टी, टॅक्सीवे (पट्टीपर्यंत विमान चालवत न्यायची वाट), पार्किंग सगळीकडे किमान १२ इंच भरल्याशिवाय राज्याचं विमान खातं पट्टी उघडत नाही. उघडली तरी ती हंगामभर उघडी राहील असं धरू नका. एक पाऊस किंवा दोन दिवसांची ऊब पुरते बंद व्हायला. त्यामुळे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि उघड-बंदची स्थिती निघायच्या दिवशी सकाळी बघायची, आदल्या रात्रीची चालत नाही. साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ, आणि काही हिवाळ्यांत ती उघडलेलीच नाही. २०२४ मध्ये तर १७ मार्चला तळं मोकळं झालं, १८८७ पासूनच्या नोंदींत इतकं लवकर कधीच नव्हतं. (तळं मोकळं झालं असं तिथे कधी म्हणतात, तर ‘माउंट वॉशिंग्टन’ ही मोठी बोट पाचही धक्क्यांना जाऊ शकेल तेव्हा. त्यातला एक धक्का ऑल्टन बेचाच.)

आता १२ इंच कशासाठी, तेही समजून घ्या. तळ्यावरच्या बर्फासाठी एक जुनं सूत्र सर्रास वापरतात: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, त्याला ३.५ ने गुणा, म्हणजे पेलणारं वजन किलोत मिळतं. ३० सेंटिमीटरला ३,१५० किलो. २० ला १,४००. १५ ला जेमतेम ७९०. तुमचं १७२ एस पूर्ण भरून १,१५७ किलो. म्हणजे विमानापुरतं बघितलं तर ८ इंचही कागदावर पुरतात, पण पट्टीवरचा स्नो काढायला प्लाउ (स्नो ढकलायचा फाळ) लावलेला पिकअप फिरतो आणि पार्किंगमध्ये विमानं तासन्‌तास शेजारी शेजारी उभी राहतात. ते सूत्र फिरत्या किंवा थोडा वेळ थांबलेल्या वजनाचं आहे. एकाच जागी उभं वजन बर्फाला हळूहळू वाकवत राहतं. चाकांभोवती उथळ बशी तयार झाली आणि तिच्यात पाणी जमायला लागलं की विमान हलवायची वेळ झालेली असते.

हे आकडे काचेसारख्या पारदर्शक बर्फाचे, जो खालच्या काळोखामुळे काळा दिसतो. स्नो भिजून गोठलेला दुधी बर्फ त्याच्या निम्माच धरायचा. १२ इंचांत ४ इंच दुधी असेल, तर हिशेबाला १० इंच.

क्लबचं विमान आहे म्हणून सांगतो: विम्याची पॉलिसी आणि क्लबचे नियम आधी वाचा. पुष्कळ क्लबांना डांबर सोडून कुठेच उतरलेलं चालत नाही. ‘एफएएची पट्टी आहे’ एवढ्यावर विसंबू नका, लेखी परवानगी घ्या.

समोरचा वारा

थांबण्याचं मी लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. बर्फ फुटण्यापेक्षा पट्टीच्या टोकाला किंवा कडेच्या स्नोच्या बांधात घुसणं कितीतरी जास्त शक्य.

पट्टी साधारण २,६०० फूट, रुंदी शंभराच्या आसपास. ओल्या बर्फावर टायरचं घर्षण ०.०५ धरा, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतकाच उतरतो. हवेचा रोध सोडून नुसतं तेवढंच धरलं, तर जमिनीशी ५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) वेगाने टेकलात की २,२०० फूट लागतील. ६० नॉटला ३,२०० फूट, म्हणजे पट्टीच्या बाहेर. समोरून ५ नॉट वारा मिळून ४५ झाले, तर १,८००. हवेचा रोध सुरुवातीला बरीच मदत करतो, पण तुम्ही टेकण्याआधी तरंगत घालवलेले ४०० फूट ती मदत खाऊन टाकतात. वेगाचा वर्ग होतो, म्हणून दहा नॉट इथे इतके महाग.

हे घरच्या घरी तपासता येतं. लॅकोनियाची डांबरी पट्टी जवळच आहे, ५,८९० फूट. इन्स्ट्रक्टरला घेऊन तिथे उतरा आणि ब्रेकला पाय लावू नका. विमान चालण्याच्या वेगाला येईपर्यंत किती फूट गेले ते पट्टीच्या कडेच्या दिव्यांवरून मोजा. चांगल्या निसरड्या बर्फावर साधारण तेवढेच जातात. तो आकडा तीनदा सलग २,००० च्या आत येत नसेल, तर ऑल्टन बे पुढच्या वर्षी.

१७२ एसच्या हँडबुकात शॉर्ट फील्डला (आखूड पट्टीवर उतरताना) फुल फ्लॅपवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) ६१ नॉट दिलेत, ते पूर्ण वजनाला. दोघंच आणि इंधन अर्धं असेल तर विमान हलकं आणि तोच वेग जास्त ठरतो. किती कमी करायचा ते इन्स्ट्रक्टरबरोबर ठरवा, मनाने नको. थंडी मात्र तुमच्या बाजूची आहे. समुद्रसपाटीपासून ५०४ फुटांवर उणे १० अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या घनतेवरून धरलेली उंची) उणे २,४०० फुटांच्या आसपास येतं. म्हणजे वेगाच्या घड्याळात ६१ दिसतात तेव्हा खरा वेग ५९, आणि उडताना इंजिन भरपूर ताकद देतं.

टेकल्यावर थ्रॉटल पूर्ण मागे, योक (हातातलं सुकाणू) पोटाशी, नाकाचं चाक जमेल तितका वेळ वर. दिशा रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) राखा. वेग तिशीच्या खाली आल्यावर ब्रेक हलके, दोन्ही पाय सारखे, दाबा-सोडा. चाक लॉक झालं की ते चाक राहत नाही, घसरपट्टी होते. एकच लॉक झालं तर विमान फिरतं. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात टेकला नाहीत, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. टेकल्यावर ‘थांबणार नाही बहुतेक’ असं वाटून पुन्हा उडायचा प्रयत्न मात्र करू नका, तो निर्णय आधीच व्हायला हवा.

आणखी एक फसगत: भोवती सगळं पांढरं, आभाळ ढगाळ, सावली नाही. जमीन किती खाली आहे तेच डोळ्याला कळत नाही आणि माणूस उंचावरच फ्लेअर करतो (टेकण्यासाठी नाक वर उचलतो). समोरच्या बर्फाकडे न बघता नजर कडेच्या बांधावर, किनाऱ्याच्या झाडांवर आणि उभ्या विमानांवर ठेवा.

मेघमल्हार

दोघांचेही आभार. ब्रेक न लावता मोजायचं या शनिवारीच करतो. आडवा वारा किती चालेल? आणि रन-अप (उडण्याआधी इंजिन जोरात फिरवून तपासणं) कुठे करायचा, १,८०० आरपीएमला विमान बर्फावर जागेवर राहील का?

समोरचा वारा

नाही राहणार. थंड वाळलेल्या, खरबरीत बर्फावर कधी राहतं, गुळगुळीत असेल तर ब्रेक दाबलेले असतानाच पुढे सरकतं. मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या यंत्राची) तपासणी टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना), मागेपुढे कोणी नसताना, सरळ रेषेत चालताना करा, किंवा पट्टीवर रांगेत लागून धाव सुरू करताना. मागे काय आहे ते दोनदा बघा. प्रोपेलरच्या वाऱ्याने मागचं हलकं विमान बर्फावरून सरकत जातं, त्याला डांबरासारखा आधार नसतो.

आडव्या वाऱ्याला हँडबुकातला आकडा विसरा. तो टायर घट्ट धरतात असं मानून आहे. रडरचा जोर संपतो तिथून पुढे विमानाला कडेला सरकण्यापासून रोखणारं काही उरत नाही, आणि नाकाचं चाक वळवलं तरी ते तिरपं घसरत राहतं. पहिल्या वेळेला ५ नॉट, त्यापुढे नको. खाडी उत्तर-दक्षिण आहे, पट्टी ०१ आणि १९ (म्हणजे १० आणि १९० अंशांकडे तोंड). थंडीची लाट येऊन गेली की वारा वायव्येचा, झोतांचा, आणि पश्चिमेला १,७८६ फुटांचा माउंट मेजर, त्यावरून तो गुंडाळत खाली येतो. लॅकोनियाला ३१० अंशांवरून १२ नॉट वारा सांगितलं, तर ०१ ला आडवा घटक दहाच्या वर जातो. त्या दिवशी वरून बघून परत यायचं. आकाश कितीही निळं असलं तरी.

आणि पट्टीवर माणसं असतात. तळं सगळ्यांचं आहे: मासे धरणारे, स्नोमोबाइलवाले, स्केटिंग करणारी मुलं, कार्निव्हलच्या वीकएंडला तर जत्राच. फिरणारा प्रोपेलर मुलांना दिसत नाही आणि तुम्हाला झटकन थांबता येत नाही. पार्किंगपाशी गर्दी असेल तर थोडं अलीकडेच इंजिन बंद करा आणि दोघांनी ढकलत न्या. बर्फावर १७२ एका हातानेही सरकतं.

काउलिंग उघडून

इंजिनाकडे कोणीच वळलं नाही, म्हणून लिहितो. तिथे इंधन नाही, हीटर नाही, मेकॅनिक नाही. इंजिन चालू झालं नाही तर विमान रात्रभर बर्फावर.

निघण्यापूर्वी ब्रीदरची नळी बघा. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) वाफ बाहेर टाकणारी, काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) खाली टोक काढलेली बोटभर जाडीची नळी. उडताना त्या वाफेतलं पाणी टोकाशी गोठत जातं आणि शेवटी बूच बसतं. मग क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि प्रोपेलरमागचं क्रँकशाफ्टचं सील बाहेर फेकलं जातं. तेल थेट काचेवर. म्हणून नळीच्या वरच्या भागात, काउलिंगच्या उबेत, एक भोक किंवा चीर ठेवलेली असते. टोक बंद पडलं तरी वाफ तिथून निघते. ती चीर आहे का, आणि मळाने बुजलेली नाही ना, हे बोट लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

उणे १२ च्या खाली लायकॉमिंगला (१७२ एसचं इंजिन) प्रीहीट हवंच, म्हणजे चालू करण्याआधी बाहेरून ऊब. उतरल्यावर लगेच काउलिंगवर रजई टाका, नाकातली भोकं बुजवा. उणे १० ला रजईखाली तासभर इंजिन कोमट राहतं, उघडं ठेवलं तर नाही. पुन्हा चालू करताना जास्त प्राइम करू नका (आधी जादा इंधन सोडू नका). इंजिन एक-दोन ठोके देऊन मेलं, तर जळण्यातून निघालेलं पाणी प्लगच्या टोकांवर दवासारखं गोठतं आणि मग बॅटरी संपेपर्यंत फिरवलं तरी ठिणगी पडत नाही. त्यावर इलाज उष्णतेचा, दुसरा नाही.

चाकांचं. व्हील पँट (चाकांवरची आवरणं) काढून ठेवा, आत स्लश (पाणी मिसळलेला स्नो) भरून वर गेल्यावर दगड होतो. पार्किंग ब्रेक लावू नका, ओली पॅडं डिस्कला चिकटतात. टायर कोमट असताना विमान थेट बर्फावर उभं केलं की टायरही चिकटतो. म्हणून तीन फळ्या किंवा जुन्या गालिच्याचे तुकडे बरोबर घ्या, विमान त्यावर चढवा. साधे चॉक (चाकांना लावायची अडणी) घसरतात. बांधायचं असेल तर बर्फात पिळून बसवायचे स्क्रू लागतात. निघताना स्लशमधून टॅक्सी झाली असेल, तर कोरड्या भागावर ब्रेक थोडे ओढत चाला म्हणजे डिस्क तापून पाणी उडेल. नाहीतर ते वर गोठतं आणि घरच्या डांबरावर लॉक झालेल्या चाकाने टेकाल. लोक बर्फावर सांभाळून उतरतात आणि टायर घरी फोडतात, ते यामुळे.

केबिन हीट म्हणजे एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्यातून येणारी हवा. सायलेन्सरला तडा असेल तर तीच हवा कार्बन मोनॉक्साइड घेऊन येते. दिवसभर हीट चालू राहणार आहे, म्हणून आवाज करणारा डिटेक्टर घ्या. रंग बदलणारी टिकली पुरेशी नाही.

उत्तरेकडून, मॅनिटोबा

ऑल्टन बेला हे लागणार नाही, पण चटक लागली की माणूस दुसऱ्या तळ्यांकडे बघतो, म्हणून लिहून ठेवते. जिथे कोणी मोजत नाही तिथे चाकांवर उतरू नका. स्कीवाल्यांनाही वरून दिसत नाही असा धोका म्हणजे स्नोखालचं पाणी. स्नोच्या वजनाने बर्फ दबतो, फटीतून पाणी वर येतं आणि स्नोच्या पांघरुणाखाली न गोठता साचून राहतं, उणे २५ लासुद्धा. रीत अशी: न थांबता स्की टेकवत एक लांब रेघ ओढायची, वर जाऊन फेरी मारायची आणि रेघेचा रंग बघायचा. रेघ काळपट, करडी झाली तर खाली पाणी आहे, तिथे थांबायचं नाही. नदी जिथे तळ्यात येते ती जागा, पुलाखालची जागा आणि दोन बेटांमधली चिंचोळी वाट, प्रवाहामुळे तिथे बर्फ कायम पातळ. शेजारी १४ इंच असताना तिथे ४ असू शकतात.

मेघमल्हार

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: दिवसातली कोणती वेळ बरी?

समोरचा वारा

सकाळ. उणे १५ चा बर्फ टायरला बऱ्यापैकी धरतो, शून्याजवळचा ओला बर्फ जवळजवळ धरतच नाही. फेब्रुवारीच्या उन्हात हवा उणे ३ असली तरी दुपारी पट्टीवर पाण्याचा पातळ थर चकाकतो. पट्टी फक्त दिवसा आणि व्हीएफआरलाच (बाहेर डोळ्यांनी बघत उडण्यालाच) चालते, दिवे नाहीत. पंखांवरचं गोठलेलं दव घरीच पूर्ण पुसा, ‘थोडंसं आहे’ असं असलं तरी. नऊ-साडेनऊला पोचा, अकराच्या आत निघा. वरून पट्टी चकाकताना दिसली तर न उतरता लॅकोनियाला जा. इंधनही तिथे मिळतं.