मदत हवी आहे: महागाईची सरासरी ४ टक्के होती का? टी टेस्ट लावायची की झेड टेस्ट?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. एमए इकॉनॉमिक्सचा प्रोजेक्ट आहे आणि व्हायवा अगदी तोंडावर आलीय, त्यामुळे स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी जरा लवकर नजर टाकली तर बरं होईल.

विषय असा की रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलेलं आहे, वर-खाली २ टक्के सवलत. तर प्रत्यक्षात सरासरी ४ राहिली का हे टेस्ट करून दाखवायचं. सीपीआयची (ग्राहक किंमत निर्देशांकाची) वार्षिक महागाई टक्क्यांत, २०१६-१७ ते २०२४-२५, ओळीने: ४.५, ३.६, ३.४, ४.८, ६.२, ५.५, ६.७, ५.४, ४.६. शून्य गृहीतक (जे खोडता येतं का बघायचं ते) म्यू, म्हणजे मूळ सरासरी, बरोबर ४, पर्यायी म्यू ४ नाही.

सरासरी आली ४.९७. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) १.१०, त्याला ९ च्या वर्गमुळाने म्हणजे ३ ने भागलं की स्टँडर्ड एरर ०.३७, आणि ४ पासूनच्या फरकाला तिने भागून टी आली २.६३. आठ (९ वजा १) डिग्री ऑफ फ्रीडमला टेबलात ५ टक्क्यांवर २.३०६ आहे आणि १ टक्क्यावर ३.३५५. म्हणजे ५ वर शून्य गृहीतक रिजेक्ट, १ वर नाही. इथपर्यंत ठीक.

आता माझी पार्टनर म्हणते झेड लाव, कारण ही काही सँपल नाहीच, नऊच्या नऊ वर्षं आपल्याकडे आहेत, मग एक्सेलमध्ये एस (सँपल) ऐवजी पी (पॉप्युलेशन, म्हणजे पूर्ण समूह) वालं डेव्हिएशन घे. तिचं १.०४ येतं, झेड २.७९, आणि १ टक्क्याचा आकडा २.५७६, म्हणजे तिच्या हिशोबाने १ वर पण रिजेक्ट! आकडे तेच नि उत्तरं दोन, आणि दोघींच्या नावाने एकच रिपोर्ट जायचाय. सरांना विचारलं तर म्हणाले दोन्ही करून बघा नि कारण लिहा. कारणच तर हवंय ना सर.

अजून एक, पर्यायी गृहीतक "४ पेक्षा जास्त" असं एका बाजूचं घेतलं तर चालेल का? सरासरी जास्तच दिसतेय म्हणून.

प्रतिसाद

टी. झेड तेव्हाच जेव्हा पॉप्युलेशनचं सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन) बाहेरून माहीत असतं, आणि ते इथे कोणालाच माहीत नाही. तुझ्या पार्टनरचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे बाय. नऊ वर्षं हीच पॉप्युलेशन मानली तर टेस्टची गरजच उरत नाही, सरासरी ४.९७ आहे, ४ नाही, विषय संपला. टेस्ट करतेस म्हणजे तू असं धरतेस की या धोरणाखाली महागाईची एक मूळ सरासरी आहे नि ही नऊ वर्षं त्यातली हाती लागलेली नऊ. मग सँपलच झालं, एन (वर्षांची संख्या) वजा १ ने भागायचं, एस वालं फंक्शन. पी वालं सिग्मा आणि वर झेड, हे दोन्ही एकाच बाजूला ढकलतात, म्हणून तिचा आकडा फुगला.

एका बाजूचं नको. डेटा बघून बाजू ठरवायची नसते, आधी ठरवायची. आणि लक्ष्य दोन्ही बाजूंनी चुकू शकतं, सवलतसुद्धा दोन्ही बाजूंना आहे.

आणखी एक प्रतिसाद

वरचं सगळं मान्य पण खरी गोची वेगळीच आहे, ती कोणी बोललंच नाही. टी टेस्ट धरून चालते की निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. महागाई तशी असते होय? हे आकडे ज्या २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकाचे आहेत त्यात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता, एकदा का वस्तू चढल्या की पुढच्या वर्षीही त्याचे पडसाद असतात. (आमच्या म्हापशाच्या बाजारातलं नुस्तं, म्हणजे मासळी, वेगळं, ते जून-जुलैच्या मासेमारी बंदीत चढतं नि बोटी बाहेर पडल्या की उतरतं, वार्षिक आकड्यात ते मुरून जातं.)

तुझेच आकडे बघ, कमीची वर्षं एका जागी, जास्तीची एका जागी. मी पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन (प्रत्येक वर्षाचा आकडा आदल्या वर्षाशी किती जुळतो ते) काढलं, साधारण ०.५ येतं. मग नऊ वर्षांची माहिती जेमतेम तीन स्वतंत्र वर्षांएवढीच (९ गुणिले ०.५ भागिले १.५). १.१० ला ३ च्या वर्गमुळाने भाग, स्टँडर्ड एरर ०.६४ होते, टी दीडवर येते, ५ टक्क्यांवरही रिजेक्ट होत नाही. नऊ आकड्यांवरून काढलेलं ०.५ हेही डळमळीतच, म्हणून हे अचूक उत्तर म्हणून नको लिहू, पण रिपोर्टात हा परिच्छेद नसेल तर व्हायवात पहिला प्रश्न हाच येणार.

आणि रिजेक्ट झालं म्हणजे बँक नापास असं लिहू नका. नापास कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे, सलग तीन तिमाही सरासरी २ ते ६ च्या बाहेर. ते २०२२ च्या जानेवारी ते सप्टेंबरमध्ये झालं नि बँकेला सरकारकडे खुलासा पाठवावा लागला. तुमची टेस्ट वेगळंच काही विचारते.

धागाकर्ती

बाप रे, हे डोक्यातच नव्हतं. मग वार्षिक सोडून महिन्याचे आकडे घेऊ का, १०८ होतील, एन वाढेल?

उत्तर

एन वाढेल पण त्याचा फायदा नाही. महिन्याची महागाई मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, म्हणजे शेजारच्या दोन महिन्यांच्या आकड्यांत ११ महिन्यांची भाववाढ सामायिक. साधी टी तिथे आणखीच खोटा विश्वास देईल. घ्यायचेच असतील तर ग्रेटल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात महागाई वजा ४ हे फक्त कॉन्स्टंटवर रिग्रेस कर (म्हणजे त्याची सरासरीच मिळते) नि न्यूई-वेस्ट वाली, आकड्यांचं एकमेकांवरचं अवलंबित्व धरणारी, स्टँडर्ड एरर निवड. वार्षिकची साधी टी आधी दाखव, खाली हे. पार्टनरचं झेड परिशिष्टात टाक, भांडण नको.