मायणीला शिकारीचे परवाने द्यायचे म्हणे!

येरळाकाठ:
सांगलीत माझ्यासोबत शिकलेला एक जण हल्ली अमेरिकेत, आर्कान्सात असतो. काल त्याची पोस्ट आली. मित्रांबरोबर पहाटे भाताच्या रानात प्लास्टिकचे हंस मांडले, अंगावर गवत ओढून पडून राहिले, थवा खाली आला आणि धडाधड बार काढले. पिकअपच्या फाळक्यावर पांढरे हंस ओळीने टाकलेले, मागे दात काढणारी मंडळी. त्याचा देश, त्याचा कायदा, माझी हरकत नाही. पण शेवटी लिहितो, "साताऱ्यातल्या मायणी-येरळवाडीच्या तळ्यांवर असे परवाने दिले तर जिल्ह्यात पैसा येईल." टाळकं सटकलं. पट्टकादंब, तोही हंसाच्याच जातीचा, हिवाळ्यात हिमालय ओलांडून इथं येतो तो याचे छर्रे खायला? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९१ च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच गेले. विषय संपला.

विश्रामबागकर:
संपला कसा? तिकडं पाणपक्षी मारायचा तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला डक स्टॅम्प, म्हणजे सरकारी शिकार-तिकीट, घ्यावा लागतो, १९३४ पासून. आज २५ डॉलर. त्यातल्या दर डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात. शिशाचे छर्रेही पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून बंद. तुम्ही पक्षीप्रेमी मायणीला किती देता? लांब लेन्स आणि काठावर वेफर्सची पाकिटं.

येरळाकाठ:
वेफर्सचं मान्य, आमच्यातले काही जण खरंच गलिच्छ आहेत. पण तिकडं ते हंस इतके वाढले की आर्क्टिकची कुरणं मुळासकट खाऊ लागले, म्हणून १९९९ पासून जादा शिकारीला मोकळीक दिली. इथं असं काय झालंय?

हरभरेवाला:
मी सांगतो काय झालंय. माझं रान तळ्याला लागून आहे. पहाटे जाऊन बघ, हरभऱ्याचे कोवळे शेंडे कात्रीनं कापल्यागत खुडलेले, सरीत हिरवट लेंड्या. तुमचा हिमालय ओलांडणारा पाहुणा रात्रभर माझ्याकडं जेवतो. बंदूक नको मला, भरपाई द्या. तलाठ्याला सांगितलं तर हसला, "पाखरांचा पंचनामा?"

कराडकर:
पाखरांचं सोडा भाऊ, रानडुकरांचं बोला. माझा ऊस एका रात्रीत लोळवला. डुकराला भरपाई आहे म्हणतात, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खोडवा फुटला.

हरभरेवाला:
कुंपणाच्या तारेला विजेचं झटका मशीन लावा.

कराडकर:
लावलं होतं. बॅटरी चोरीला गेली. डुकरानं नाही नेली.

माणदेशी:
तुमच्या डुकरात मूळ मुद्दा गेला. आमच्या वस्तीवरच्या पारध्यानं वाघर, म्हणजे जाळं, लावून दोन तित्तर धरले तर फॉरेस्टवाले गाडीत घालून नेतात. त्याच्या पोराच्या ताटातलं ते कालवण होतं. आणि परदेशात हौसेनं ढीग मारणाऱ्याला सहाशे लाइक. परवाना आला तर पारध्याला मिळेल का बुलेटवाल्याला?

विश्रामबागकर:
भावनिक करू नका.

माणदेशी:
भावनिक? जामिनासाठी माझे चुलते उभे राहिले होते. तुम्ही स्टॅम्प चिकटवत बसा.

येरळाकाठ:
माणदेशींशी सहमत, पण तित्तर धरणंही गुन्हाच आहे. पोटासाठी असलं तरी.

माणदेशी:
आलात ना मूळपदावर. तळ्यात वाळूचा, मातीचा उपसा होतो तेव्हा कुठं असता?

विश्रामबागकर:
बरं बाबा, परवाने नकोत. माझं एवढंच म्हणणं की बघायला येणाऱ्यांकडून तिकीट घ्या आणि त्यातून यांच्या हरभऱ्याचं द्या. आता यातही पाप असेल तर सांगा.

येरळाकाठ:
हे पहिल्याच वेळी म्हणाला असतात तर अर्धा धागा वाचला असता.

हरभरेवाला:
तिकिटाचे पैसे माझ्यापर्यंत येतील तोवर पाखरं अंडी घालायला मंगोलियात गेलेली असतील. कराडकर, बॅटरी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवा, पेटी काँक्रीटमध्ये पुरा.

कराडकर:
पेटीसकट नेली होती राव.