मदत हवी आहे: झोपेतला ईईजी घेतला, पण टप्पे भलतेच येताहेत

चकोर

मंडळी, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) नोंदवून झोपेचे टप्पे ओळखण्याचा. कॉलेजचा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणायची परवानगी मिळाली आणि मावसभाऊ "नुसतं झोपायचंच आहे ना?" म्हणत तयार झाला. घर डोंबिवलीत, खोलीत एसी नाही, पंखा आहे.

मेंदूचं मोजायचं म्हणून चारही चॅनेल डोक्यावर लावले: दोन कपाळावर, दोन टाळूच्या दोन्ही बाजूंना. रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे तो इलेक्ट्रोड) डाव्या कानामागच्या हाडावर. सॅम्पलिंग २५० हर्ट्झ. नोंदीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करून पायथनमधल्या एका तयार मॉडेलला दिले. आता अडचणी:

झोप लागल्यावर पाचेक मिनिटांतच मॉडेल रेम, म्हणजे स्वप्नांची झोप, दाखवतं. एन१, म्हणजे सुरुवातीची हलकी झोप, जवळजवळ नाहीच. एन३ म्हणजे गाढ झोप पहाटेपर्यंत पसरलेली दिसते, पुस्तकात तर ती रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते म्हणतात. शिवाय सगळ्या सिग्नलवर एक जाडजूड झालर आहे, विजेचा गोंगाट गाळणारा नॉच फिल्टर चालू असूनही.

यात भर म्हणजे भावाने नेटवर वाचलं की झोप लागताच रेम येणं हे नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं, लक्षण. त्याने ते मावशीला सांगितलं. पुढचं समजून घ्या. कुणी जाणकार आहे का इथे?

रातपाळी

स्लीप लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे इथे बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी मावशींना फोन करा. नार्कोलेप्सीचं निदान असं होत नाही. रात्रभराची पूर्ण तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने पाच डुलक्या घ्यायला लावतात. झोप सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याआधी लागते का आणि १५ मिनिटांच्या आत रेम किमान दोनदा येतं का, ते बघतात. तेही रुग्णाचा सगळा इतिहास समोर ठेवून. भाऊ दिवसा ठणठणीत जागा असेल तर तुमच्या मॉडेलच्या सांगण्यावरून घाबरायचं काहीच कारण नाही.

आता तुमचं रेम. डोक्यावरच्या तारांत एन१ आणि रेम सख्खी भावंडं दिसतात. दोन्हींत कमी उंचीच्या, मिश्र गतीच्या लाटा. अनुभवी माणसालाही नुसत्या ईईजीवरून छातीठोक सांगता येत नाही, मग मॉडेल बिचारं काय करणार. फरक आहे तो डोळ्यांत आणि हनुवटीत. एन१ मध्ये डोळे संथपणे इकडून तिकडे घरंगळतात आणि हनुवटीच्या स्नायूत थोडा ताण शिल्लक असतो. रेममध्ये डोळे झटके मारतात आणि हनुवटीची रेघ सपाट पडते.

मुळात रेम सापडलं तेच डोळ्यांवरून. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्कीने आपल्याच लहान मुलाच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून रात्री जागवल्या. मशीन जुनं आणि नाठाळ, त्यामुळे आधी त्याला वाटलं यंत्रच बिघडलंय. त्याचा मार्गदर्शक क्लाइटमन याच्याबरोबरचा लेख १९५३ साली आला. पुढे फ्रान्समध्ये लिआँला मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर दाखवलं की याच झोपेत स्नायूंचा ताण पार जातो. डोळे आणि हनुवटी तुम्ही सोडलीत, म्हणजे रेम ओळखायची दोन्ही साधनं गेली.

चारच चॅनेल असतील तर वाटणी अशी करा: एक डोक्याचा, दोन डोळ्यांचे, एक हनुवटीचा. १९६८ च्या रेख्टशाफेन-केल्स नियमावलीत किमान एवढंच मागितलं होतं. डोक्याचा सी४ (टाळूच्या उजव्या बाजूची जागा) घ्या, रेफरन्स विरुद्ध बाजूच्या म्हणजे डाव्या कानामागे. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली १ सेंटिमीटरवर एक, उजव्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या वर १ सेंटिमीटरला दुसरा. एक वर, एक खाली असल्याने डोळा कुठेही फिरला तरी दोन रेघा एकमेकींच्या उलट जातात. मेंदूची मोठी लाट आली तर दोन्ही एकाच दिशेला जातात. हे एकदा नजरेला बसलं की विसरत नाही.

पहाटेच्या एन३ वर मला घामाचा संशय आहे. घामाने इलेक्ट्रोडखालचं रसायन बदलतं आणि रेघ हळूहळू डुलायला लागते. एन३ साठी हव्या असतात ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टहून उंच लाटा, त्याही तुकड्याच्या किमान २० टक्के, म्हणजे ६ सेकंद. घामाचं डुलणं साधारण त्याच्या खालच्या टोकाला असतं, मॉडेलला ते गाढ झोप वाटू शकतं. कच्ची नोंद डोळ्यांनी बघा: रेघ एकाच लयीत मिनिटामागून मिनिटं डुलतेय आणि तिच्यावर स्वार होऊन अल्फा (डोळे मिटून जागं असतानाच्या लाटा) किंवा स्पिंडल (झोपेतल्या जलद लाटांचे छोटे झुबके) चाललेत, तर तो घाम. पंख्याचा झोत डोक्याकडे करा. आमच्याकडे तर एसीच वाढवतो. कपाळावरची आणखी एक भानगड: तिथे डोळ्यांची हालचालही घुसते आणि संथ लाटेचं सोंग घेते.

झालर ही विजेची. नॉच किती हर्ट्झवर आहे ते बघा, बरीच उपकरणं अमेरिकन ६० वर लावलेली येतात, आपल्याकडे वीज ५० ची. आणि इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉपचा चार्जर लावलेला नकोच. सिग्नलसाठीही नको आणि भावाच्या जिवासाठी तर मुळीच नको. सगळं बॅटरीवर.

केसांना तेल होतं का?

चकोर

होतं. मावशीने रविवारी चोपडून दिलं होतं.

रातपाळी

मग शाम्पूने धुवा, कंडिशनरसुद्धा नको. आमच्या कागदावर पहिली सूचना हीच असते आणि निम्मे लोक तरी तेल लावूनच येतात. त्वचा घासून पेस्ट लावा, इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आल्याशिवाय दिवा बंद करू नका. मग त्याला पडल्या पडल्या डोळे मिटायला, उघडायला, डावी-उजवीकडे बघायला, दात आवळायला सांगा आणि ते नोंदवून ठेवा. डोळे मिटल्यावर त्याचा अल्फा कसा दिसतो हे माहीत नसेल तर तो गेला कधी हे कसं कळणार? काही लोकांत अल्फा नीट येतच नाही, तेही आधीच कळलेलं बरं.

डेटावाला

हार्डवेअरमधलं मला कळत नाही. मॉडेलचं सांगतो. ते कोणत्या जागेच्या सिग्नलवर शिकवलंय ते वाचा. मध्यभागाच्या चॅनेलवर शिकलेल्याला कपाळ दिलं तर अंदाज चुकणारच.

सरावाला फिजिओनेट या ऑनलाइन साठ्यावरचा स्लीप-ईडीएफ हा झोपेच्या नोंदींचा संच घ्या, फुकट आहे. त्यातल्या कॅसेटवाल्या (कॅसेट रेकॉर्डरवर घेतलेल्या) नोंदी वापरताना तीन गोष्टी बघा. नोंद साधारण २० तासांची असते, त्यामुळे दिवसभराचं जागेपण तसंच ठेवलं तर अचूकता उगाच फुगते. हनुवटीची नोंद सेकंदाला एकच आकडा अशी आहे, तिच्यातून स्नायूची वारंवारता काढत बसू नका. टप्पे जुन्या रेख्टशाफेन-केल्स पद्धतीचे आहेत, ३ आणि ४ एकत्र करून एन३ करा. फाइलच्या नावात एससी४ नंतरचे दोन आकडे माणसाचे, त्यापुढचा रात्रीचा. एकाच माणसाची एक रात्र शिकवायला आणि दुसरी तपासायला गेली तर निकाल छान येईल आणि परीक्षक नेमकं तिथेच पकडतील.

पोहेवाला

अवांतर, पण माझं घड्याळ रोज सकाळी "गाढ झोप १ तास १२ मिनिटं" सांगतं. त्याला कुठे इलेक्ट्रोड असतात?

रातपाळी

नसतात. ते मनगटाची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. किती वेळ झोपलात ते बऱ्यापैकी सांगेल, टप्प्यांवर भांडू नका.

चकोर

खूप आभार. चार्जर काढून नॉच ५० वर केला, झालर गेली. डोळे आणि हनुवटी लावून दुपारची एक झोप नोंदवली. रेघा खरंच उलट जातात, भारी वाटलं! आता शंका अशी: मी हाताने टप्पे लावले, मैत्रिणीने वेगळे लावले, आणि एन१ वर आमचं जमतच नाही. बरोबर कोण हे ठरवायचं कसं?

रातपाळी

जमणारही नाही, फार मनाला लावून घेऊ नका. एएएसएम (अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन) च्या उपक्रमातला २०१३ चा अभ्यास आहे: अडीच हजारांहून जास्त स्कोअरर, म्हणजे टप्पे लावणारे, एकूण जुळणी सुमारे ८३ टक्के, एन१ वर मात्र ६३. मेंदू काही दर ३० सेकंदांनी टप्पा बदलत नाही. ते माप कागदावर नोंदी घेण्याच्या काळातलं आहे, सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने ३० सेंटिमीटरचं पान. आठ तासांची झोप म्हणजे ९६० पानं, २८८ मीटर कागद. एका पानात दोन टप्पे आले तर ज्याचा वाटा जास्त तो लिहायचा. तुम्ही दोघांनी एकमेकांचं न बघता लावा, कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळलेलं वगळून खरी जुळणी किती ते सांगणारा आकडा) काढा आणि अहवालात तो आकडा छापा. मॉडेल त्याच्या आसपास आलं तरी पुष्कळ.

चकोर

असंच करतो. शेवटचं एक: भावाला दाढी आहे, भरघोस. हनुवटीचं इलेक्ट्रोड दुपारी दोनदा निघालं आणि दाढी काढायला तो तयार नाही.

रातपाळी

काढू नका. एक इलेक्ट्रोड जबड्याच्या कडेखाली २ सेंटिमीटरवर, मध्यापासून तेवढंच उजवीकडे, दुसरं तसंच डावीकडे लावा. तिथे केस विरळ असतात. केस बाजूला करून पेस्ट कातडीपर्यंत पोचवा, वरून गॉझचा तुकडा आणि चिकटपट्टी. सकाळी कोमट पाण्याने भिजवूनच काढा, नाहीतर पुढच्या वेळी भाऊ येणार नाही.